माल्कम यंगचा रिदम टोन: गेन कमी, तारा जाड, हात भक्कम

हार्ड रॉकचा रिदम टोन बसवायला घेतला की बहुतेक जणांचा हात आधी गेनच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या नॉबकडे जातो. आवाज पातळ वाटला की गेन वाढवायचा, जोर कमी वाटला की अजून वाढवायचा. एसी/डीसी या रॉक बँडचा रिदम गिटारवादक माल्कम यंग याचा टोन मात्र नेमका उलट्या दिशेनं बनलेला आहे. त्याच्या गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, इतकं थोडं आहे की ओपन कॉर्डमधली (मोकळ्या तारांसह धरलेल्या कॉर्डमधली) प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. तो आवाज भव्य वाटतो तो जाड तारा, कमी आउटपुटचा पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग), मोठ्या आवाजात चाललेला अ‍ॅम्प आणि कॉर्ड नेमकी सुरू करून नेमकी थांबवणारे हात यांच्यामुळे. हा टोन पायरी-पायरीनं कसा उभा करायचा, ते इथे सांगितलं आहे. खरा मार्शल असेल तरी आणि फक्त लॅपटॉप असेल तरी.

काही विकत घेण्याआधी ऐकून घ्या. १९७८ चा ‘पॉवरेज’ आणि १९८० चा ‘बॅक इन ब्लॅक’ हे अल्बम हेडफोन लावून, आळीपाळीनं एकच कान झाकून ऐका. माल्कम आणि अँगस या दोघा भावांच्या गिटार दोन वेगळ्या बाजूंना ठेवलेल्या आहेत, त्यामुळे एकाची गिटार बरीचशी सुटी ऐकता येते. तीन गोष्टींकडे लक्ष द्या: तारेवर पिक आदळल्याचा ‘टक्’ असा आवाज, कॉर्डच्या आत ऐकू येणाऱ्या सुट्या तारा, आणि दोन कॉर्ड्समधली पूर्ण शांतता. पुढची सगळी मेहनत या तीन गोष्टींसाठी आहे.

गिटार ते स्पीकर: मूळ साखळी कशी होती

माल्कमची मुख्य गिटार म्हणजे १९६३ ची ग्रेच जेट फायरबर्ड. ईझीबीट्स या बँडच्या हॅरी वांडाकडून ती त्याच्याकडे आली. त्यानं तिचा लाल रंग खरवडून काढला, नेकजवळचा पिकअप काढून टाकला आणि पुढे ब्रिजजवळचा एकच फिल्टरट्रॉन ठेवला. दिसायला सॉलिड असली तरी या गिटारची बॉडी आतून कोरून पोकळ केलेली असते. म्हणून तिचा आवाज लेस पॉलपेक्षा हलका आणि पटकन उठणारा असतो.

फिल्टरट्रॉन हा रे बट्स यांनी १९५० च्या दशकात तयार केलेला हमबकर, म्हणजे गुणगुण दाबणारा दोन कॉइलचा पिकअप. त्याच्या कॉइलवर तारेचे वेढे कमी असतात. त्याचा रेझिस्टन्स साधारण ४ किलोओहम भरतो, तर गिब्सनच्या जुन्या पद्धतीच्या हमबकरचा ७ ते ८.५. वेढे कमी म्हणजे इंडक्टन्स कमी, आणि इंडक्टन्स कमी म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त शाबूत राहतात. गुणगुण सिंगल कॉइलपेक्षा कमी आणि स्पष्टता मात्र जवळपास तितकीच, असा हा मधला मार्ग आहे.

तारा १२ ते ५६ च्या (हे आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात), तिसरी तारही गुंडाळलेली, म्हणजे वूंड. अ‍ॅम्प मार्शलचा १०० वॉटचा सुपर बास, आणि त्याखाली चार बारा इंची स्पीकरचं बंद पाठीचं कॅबिनेट. मध्ये पेडल नाही.

सुपर बास हे नाव वाचून हा बास गिटारचा अ‍ॅम्प आहे असं समजून लोक तो बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात तो प्रसिद्ध सुपर लीडचाच जुळा भाऊ आहे. फरक थोड्याच पार्ट्सचा. सुपर लीडच्या पहिल्या चॅनेलच्या व्हॉल्यूमवर ट्रेबल पुढे ढकलणारा ब्राइट कॅपॅसिटर असतो, आणि पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरडची जोडी असते. ती खालचा भाग कापून गुरगुर वाढवते. सुपर बासमध्ये ब्राइट कॅपॅसिटर नाही. पहिल्या ट्यूबच्या दोन्ही अर्ध्यांना मिळून ८२० ओहमचा एकच रेझिस्टर आणि मोठा कॅपॅसिटर आहे. त्यामुळे आवाज भरीव राहतो, किरकिर कमी होते, आणि तो फाटतो तोही उशिरा आणि मऊपणे.

तुमची गिटार

ग्रेच नसेल तर अडत नाही. ब्रिजला हमबकर असलेली, फिक्स्ड ब्रिजची कोणतीही गिटार चालेल: एसजी, लेस पॉल किंवा तशा घडणीची. टेलिकास्टरही चांगली चालते, फक्त टोनचा नॉब ७ पर्यंत उतरवावा लागतो. ब्रिजचा पिकअप १२-१५ किलोओहमचा सिरॅमिक मॅग्नेटवाला असेल तर तो या कामाला अति गरम, म्हणजे जास्त आउटपुटचा आहे. पिकअप बदलायचा असेल तर अल्निको मॅग्नेटचा, ८ किलोओहमच्या आतला घ्या. हमबकरच्या मापाच्या चौकटीत बसणारे फिल्टरट्रॉनही मिळतात. म्हणजे लाकूड कोरावं लागत नाही.

पिकअप बदलायचा नसेल तर आहे तोच खाली उतरवा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या पोलपासून तारेपर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेकडे ३ मिमी आणि पातळ तारेकडे २.५ मिमी ठेवून बघा. गरम पिकअप असेल तर आणखी अर्धा मिमी खाली. आवाज कमी होईल, पण तो अ‍ॅम्पवर भरून काढता येतो. पिकअप फार वर ठेवला तर मॅग्नेट जाड तारांना खेचतो, सूर लटपटतो आणि सस्टेन, म्हणजे सूर टिकणं, घटतं. हा दोष लोक वर्षानुवर्षं तारांच्या माथी मारतात.

गिटारचा व्हॉल्यूम नॉब या टोनमध्ये रोज वापरायचा आहे. तो १० वरून ७ वर आणला की बहुतेक गिटारींचा ट्रेबल विझतो. त्यासाठी व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुटच्या पायांमध्ये ६८० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. पॉट ५०० किलोओहमचा हवा. दोन्ही पार्ट्स इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात किरकोळ किमतीला मिळतात, आणि सोल्डरिंगला दहा मिनिटं पुरतात. केबल जेवढी लांब तेवढा ट्रेबल कमी. घरी ३ ते ५ मीटर पुरे.

तारा आणि सेटअप: इथे वेळ घाला

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात कमी लोक इथे हात घालतात.

पातळ तारेवर जोरात पिक मारला की पहिल्या क्षणी तार ताणली जाते आणि तिचा सूर वर चढतो, मग खाली येतो. एका तारेवर हे खपून जातं. पाच तारांच्या कॉर्डमध्ये मात्र प्रत्येक तार वेगवेगळ्या प्रमाणात चढते आणि कॉर्ड पहिल्याच घावाला बेसूर लागते. मग वादक नकळत हात हलका ठेवायला शिकतो, आणि गेलेला जोर गेन वाढवून परत आणू बघतो. सगळं दुखणं इथून सुरू होतं. २४.६ इंची स्केलवर १० ची पहिली तार सुमारे ७ किलोच्या ताणावर असते, १२ ची सुमारे १० किलोच्या. इतका ताण असला की हात मोकळेपणानं पडू शकतो.

आज ९ किंवा १० च्या तारा वापरत असाल तर एकदम १२ वर उडी नको. आधी ११ ते ४९ किंवा ११ ते ५२ चा संच दोन-तीन महिने वाजवा. बोटं तयार झाली की १२ वर जा. रिदमच वाजवणार असाल तर बेंडिंगची चिंता फारशी नाही. तिसरी तार वूंड घ्या, साधारण २४ ची. जाड पण साधी तिसरी तार बाकीच्या तारांपेक्षा मोठ्यानं वाजते आणि वरच्या फ्रेट्सवर पटकन चढते. ओपन ए आणि डी कॉर्डमधला बेसूरपणा बहुतेक वेळा तिचाच असतो. शुद्ध निकेलच्या तारा मिळाल्या तर उत्तम. त्या निकेलचा मुलामा दिलेल्या तारांपेक्षा जरा मऊ बोलतात.

संच बदलला की पुढची कामं याच क्रमानं करायची.

आधी नट, म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी. ४६ ची तार १.१७ मिमी जाडीची असते, ५६ ची १.४२ मिमी. जुन्या खाचेत ती बसत नाही, वर अडकून राहते. ट्यून करताना ‘टिक’ असा आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर तार खाचेत अडकते आहे हे नक्की. खाच तारेपेक्षा किंचितच, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिमी रुंद हवी. रुंदी वाढवताना खोली वाढवू नका. खाच खोल गेली की ओपन तार पहिल्या फ्रेटवर घासते, आणि या टोनचं सगळं वैभव ओपन तारांत आहे. नट फाइल्स नसतील तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या.

मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला धातूचा दांडा. जाड तारा नेकला पुढे वाकवतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटचा फ्रेट दाबा, आणि सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर फीलर गेजनं मोजा. ०.२ ते ०.२५ मिमी हवं. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेनं एकावेळी पाव आटाच फिरवा, पुन्हा ट्यून करा, मोजा. रॉड फिरत नसेल तर जोर लावू नका. तुटलेला रॉड म्हणजे नवी नेक.

ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेट्सपासूनची उंची, अगदी खाली ठेवायची नाही. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २ मिमी, पातळ तारेची १.६. ॲक्शन खाली असली की जोरात वाजवताना तार फ्रेट्सवर आपटते, आणि तो खडखडाट अ‍ॅम्पमधून ‘कचकच’ म्हणून बाहेर येतो.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. साधी तिसरी तार काढून वूंड लावली असेल तर तिचा सॅडल नेकच्या दिशेनं सरकवावा लागेल. ब्रिजवर तेवढी जागा आहे का, हे संच विकत घेण्याआधीच बघून ठेवा.

स्ट्रॅटसारखा तरंगता ट्रेमोलो असेल तर पाचही स्प्रिंग लावा आणि मागच्या खाचेत लाकडाचा तुकडा घट्ट बसवून ब्रिज जाम करा. नाहीतर १२ चा संच ब्रिजला वर उचलतो आणि काहीच ट्यूनमध्ये राहत नाही.

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात दमट हवेमुळे तारा पटकन गंजतात आणि पावसाळ्यात नेक हलते. वाजवून झालं की प्रत्येक तार सुक्या कापडानं वरून-खालून पुसा, आणि जून व ऑक्टोबर असं वर्षातून दोनदा नेकचं माप पुन्हा घ्या.

अ‍ॅम्प: फाटण्याच्या अलीकडे

जुन्या मार्शलला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे गेनपासून वेगळा असा एकूण आवाजाचा नॉब, नव्हता. व्हॉल्यूम वाढवला की आधी प्रीअ‍ॅम्पच्या ईसीसी८३ ट्यूब्ज, मग फेज इन्व्हर्टर आणि शेवटी ईएल३४ आउटपुट ट्यूब्ज अशा सगळ्याच थोड्याथोड्या ताणल्या जात. कुठलीच पायरी एकटी पूर्ण फाटत नसे. म्हणून त्या आवाजात दाणा असतो, पण कॉर्ड मोडत नाही. आजच्या हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये सगळं डिस्टॉर्शन प्रीअ‍ॅम्पच्या लागोपाठच्या पायऱ्यांत होतं. तिथे गेन २ वर ठेवूनही हा दाणा पूर्ण येत नाही, पण बराच जवळ येतो.

चार इनपुटचा सुपर लीड किंवा त्याची नक्कल असेल तर गिटार पहिल्या चॅनेलच्या वरच्या इनपुटमध्ये लावा. त्याच चॅनेलच्या खालच्या इनपुटमधून एक छोटी केबल दुसऱ्या चॅनेलच्या वरच्या इनपुटमध्ये न्या. आता दुसऱ्या, भरीव चॅनेलचा व्हॉल्यूम मुख्य मानायचा आणि पहिल्याचा फक्त चमक देण्यापुरता वापरायचा. सुरुवातीला दुसरा ५, पहिला ३. बास ३, मिडल ७, ट्रेबल ५, प्रेझेन्स ३.

आता खरं सेटिंग. गिटारचा व्हॉल्यूम १० वर ठेवून ओपन ए कॉर्ड पूर्ण ताकदीनं मारा, आणि लगेच तीच कॉर्ड हलक्या हातानं. जोरात मारल्यावर अ‍ॅम्प गुरगुरायला हवा, हलक्या हाताला जवळपास स्वच्छ राहायला हवा. दोन्हीकडे गुरगुरत असेल तर व्हॉल्यूम खाली. दोन्हीकडे स्वच्छ असेल तर वर. ती जागा सापडली की तिथून अर्धा अंक खाली या. एकटं बसून वाजवताना हा टोन जरा उघडाबोडका वाटेल. ड्रम्स आणि बास गिटार सोबत सुरू झाल्याशिवाय त्याचा न्याय करू नका.

बास ३ वरच का? मार्शलमध्ये टोनचे नॉब पॉवर अ‍ॅम्पच्या आधी येतात. खालच्या फ्रिक्वेन्सी सगळ्यात जास्त शक्ती खातात आणि आउटपुट ट्यूब्जना आधी फाडतात. बास जास्त ठेवून अ‍ॅम्प मोठा केला की जाड तारा भकभकतात आणि कॉर्डची सुरुवात बोथट होते. मिडल मात्र कापू नका. ४०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ हा पट्टा म्हणजेच हा टोन आहे. मिडल २ वर नेऊन घरी जो आवाज मोठा वाटतो, तो बँडमध्ये नाहीसा होतो.

मास्टर व्हॉल्यूमचा मार्शल २२०३ किंवा जेसीएम८०० असेल तर लो इनपुट वापरून बघा. त्यात गेनची एक पायरी वगळली जाते आणि अ‍ॅम्प जुन्या मॉडेलांच्या जवळ जातो. प्रीअ‍ॅम्प ६-७ आणि मास्टर जमेल तितका वर. हाय इनपुटमध्ये वाजवायचं तर प्रीअ‍ॅम्प ३ च्या वर नको.

अ‍ॅम्प मार्शल जातीचा नसेल, साधा क्लीन चॅनेल असेल, तर मार्शलची नक्कल करणारा पेडल घ्या: गेन २ ते ३, व्हॉल्यूम बराच वर, म्हणजे अ‍ॅम्पच्या पुढच्या टोकालाही थोडा धक्का बसेल. ट्यूब स्क्रीमर जातीचे पेडल खालचा भाग कापून मधला फुगवतात. लीडसाठी ते छान, पण या रिदमसाठी कॉर्डचं पोट कापून टाकतात. नॉइज गेटची (न वाजवताना येणारा आवाज बंद करणाऱ्या पेडलची) गरज भासली तर गेट लावू नका. गेन जास्त झाला आहे, तो कमी करा.

सुरक्षेचं नीट वाचा. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून उघडायचं काम जाणकाराकडेच द्या. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) ते कॅबिनेट स्पीकर केबलच हवी, गिटारची नाही. दोन्हीकडचे ओहम जुळवा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापणं किंवा टू-पिन अडॅप्टर लावणं जिवावर बेतू शकतं. गुणगुण आली तर सॉकेटचं अर्थिंग तपासा आणि चार्जर, डिमर, एलईडी ड्रायव्हर दूर करा. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प इथल्या २३० व्होल्टवर सरळ लावला तर काही क्षणांत जातो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि अ‍ॅम्पच्या मागे ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं आहे का तेही पाहा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

फ्लॅटमध्ये काय करायचं

१०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही; फरक फक्त ३ डेसिबलचा. १० वॉटवर आलात तरी १० डेसिबलच कमी होतात. ग्रीनबॅक स्पीकरची संवेदनशीलता सुमारे ९८ डेसिबल धरली, तर ५ वॉटचा अ‍ॅम्पही एका मीटरवर १०५ डेसिबल देतो. म्हणजे शेजारी दार ठोठावणारच. छोटा अ‍ॅम्प घेऊन आवाजाचा प्रश्न सुटेल ही समजूत सोडून द्या.

अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी शक्ती कमी करणारं यंत्र, हा चांगला उपाय आहे. तो हेड आणि स्पीकरच्या मध्ये बसतो, अ‍ॅम्पच्या वॉटेजपेक्षा जास्त क्षमतेचा आणि ओहम जुळणारा हवा. साधारण १० ते १२ डेसिबलपर्यंत कमी केलं तर टोन टिकतो. त्यापुढे स्पीकरच हलत नाही, आणि आपला कानही कमी आवाजात खालच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकतो, त्यामुळे सगळं पातळ वाटतं. तेव्हा बास एक-दीड अंक वाढवा. मोठ्यानं वाजवायची वेळ आली की तो परत खाली आणायचा.

स्पीकर बदलायचा असेल तर ग्रीनबॅक जातीचा, बंद पाठीच्या कॅबिनेटमध्ये. मूळ ग्रीनबॅक २५ वॉटचा आहे. ५० वॉटच्या हेडखाली असा एकच लावलात तर तो फाटेल; निदान चार हवेत. मोठ्या आवाजात सराव करताना कानात प्लग घाला. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

लॅपटॉपवर

आज बहुतेकांची सोय हीच आहे, आणि हा टोन सॉफ्टवेअरमध्ये उत्तम येतो, कारण त्यात गेन कमी आहे.

ऑडिओ इंटरफेसवर (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या खोक्यावर) इन्स्ट्रुमेंट, म्हणजे हाय-झी इनपुट निवडा. लाइन इनपुटमध्ये गिटार लावली की ट्रेबल मरतो. जोरात वाजवताना मीटर -१२ डेसिबलच्या आसपास जावा. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, बफर १२८ किंवा त्याहून कमी. बफर मोठा असला की हात आणि आवाज यांत अंतर पडतं आणि ताल सुटतो.

अ‍ॅम्पचं मॉडेल प्लेक्सी (जुना मार्शल) किंवा सुपर बासचं निवडा. वर दिलेली सेटिंग तशीच लावा. प्लगइनमध्ये सगळ्यात जास्त फसगत इनपुट लेव्हलमुळे होते. तीच सेटिंग एकाकडे स्वच्छ आणि दुसऱ्याकडे भरडलेली वाजते ती यामुळेच. म्हणून नॉबच्या आकड्यांवर विसंबू नका. जोरात-हलक्या हाताची ती चाचणी इथेही करा आणि प्लगइनचा इनपुट गेन त्यानुसार कमी करा.

कॅबिनेटसाठी चार-बारा ग्रीनबॅक आणि एसएम५७ माइकचा आयआर, म्हणजे त्या कॅबिनेट-माइकच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल, लोड करा. अ‍ॅम्प प्लगइनमधलं स्वतःचं कॅबिनेट आधी बंद करा. दोन कॅबिनेट एकावर एक चढली की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. त्यानंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापा. वरचं साधारण ८ किलोहर्ट्झच्या पुढे हलकेच उतरवा. आवाज अजूनही बोचत असेल तर ३ ते ४ किलोहर्ट्झमध्ये २ डेसिबल कमी करा. खोक्यातून आल्यासारखा वाटला तर २५० हर्ट्झपाशी तेवढंच. इक्वलायझर यापेक्षा जास्त वापरावा लागत असेल तर आयआर बदला.

कॉर्ड्स आणि दोन्ही हात

पॉवर कॉर्डच्या (दोनच सुरांच्या कॉर्डच्या) सवयीनं हा टोन येत नाही. माल्कमचं वादन ओपन कॉर्ड्सवर उभं आहे, आणि कोणती तार वाजू द्यायची नाही हे त्यात तितकंच महत्त्वाचं आहे.

जी असा धरा: सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, त्याच बोटाच्या पोटानं पाचवी तार बंद, चौथी आणि तिसरी मोकळी, दुसरी आणि पहिली दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर. यात फक्त जी आणि डी हेच सूर आहेत, म्हणून तो कितीही जोरात मारला तरी घट्ट राहतो. डी वाजवताना खाली एफ-शार्प ठेवायचा असेल तर सहाव्या तारेचा दुसरा फ्रेट अंगठ्यानं किंवा पहिल्या बोटानं धरा आणि पाचवी तार बंद करा. ए मध्ये सहावी तार अंगठ्यानं शांत ठेवा.

हे सूर जास्त गेनमध्ये का मोडतात ते समजून घ्या. दोन सूर एकत्र डिस्टॉर्ट झाले की त्यांच्या फ्रिक्वेन्सींच्या फरकाचा एक नवा सूर तयार होतो. ए ११० हर्ट्झ आणि त्यावरचा ई १६४.८, फरक ५४.८, म्हणजे जवळपास खालच्या सप्तकातला ए. हे जुळतं. पण त्याच कॉर्डमधला वरचा ए २२० आणि सी-शार्प २७७.२, फरक ५७.२. आता ५४.८ आणि ५७.२ एकमेकांशी भांडतात आणि तळाशी चिखल होतो. गेन कमी असेल तर हे सूर इतके दबलेले राहतात की ऐकूच येत नाहीत. ओपन मेजर कॉर्ड वाजवायची असेल तर गेन कमी ठेवण्यावाचून मार्ग नाही.

पिक १.१ ते १.५ मिमीचा, न वाकणारा. पातळ पिक वाकून उशिरा सुटतो आणि ‘टक्’ हरवतो. पिकचं टोक अर्धा सेंटिमीटरच बाहेर ठेवा. मनगट सैल, कोपरापासून हलका झोत, आणि अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या सलग ठेक्यात शक्य तितके डाऊनस्ट्रोक. जोर हवा, पण पकड आवळायची नाही. मनगट आखडलं की पहिल्यांदा ताल जातो. पिक ब्रिजपासून ४ ते ५ सेंटिमीटरवर पडू द्या. ब्रिजला चिकटून वाजवलं तर आवाज कडक होतो, नेककडे गेलं तर बोथट.

सरावासाठी मेट्रोनोम ९२ वर लावा. पहिल्या मात्रेला ई, दुसरी मात्रा पूर्ण शांत, तिसरीला डी, चौथी शांत. पुढच्या चार मात्रांत ए तसाच. शांत मात्रेवर दोन्ही हातांनी तारा बंद करायच्या: डाव्या हाताची पकड सैल करून आणि उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून. एकाच हातानं बंद केलं तर एखादी ओपन तार वाजत राहते. हे रेकॉर्ड करा आणि पडद्यावर वेव्हफॉर्म बघा. शांत मात्रेवर रेघ सपाट दिसली पाहिजे आणि ती दर वेळी एकाच जागी सुरू झाली पाहिजे. हे आठवडाभर रोज पंधरा मिनिटं केलं तर टोनमध्ये जो फरक पडेल, तो कुठल्याही नव्या पिकअपनं पडणार नाही, हे आमचं ठाम मत आहे.

रेकॉर्ड करताना

खरं कॅबिनेट असेल तर चारही स्पीकर जवळून, कमी आवाजात ऐकून सगळ्यात चांगला निवडा. एसएम५७ जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर, मधल्या टोपीच्या कडेला रोखून धरा. आवाज बोचरा असेल तर माइक एक सेंटिमीटर बाहेर सरकवा, मंद असेल तर आत. अ‍ॅम्पच्या नॉबना त्यानंतरच हात लावा.

दोन ट्रॅक स्वतंत्र वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच ट्रॅक कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकला तर तो मध्येच ऐकू येतो, रुंद होत नाही. दुसऱ्या ट्रॅकला गिटार किंवा निदान पिकअप वेगळा घ्या, आणि जमलं तर त्याच कॉर्ड्स नेकवर दुसऱ्या जागी धरा: एकीकडे ओपन ए, दुसरीकडे पाचव्या फ्रेटवरचा ए. दुसऱ्या ट्रॅकचा गेन किंचित जास्त चालेल, पहिल्याचा नाही. कॉम्प्रेसर नको, रिव्हर्ब लावलाच तर छोट्या खोलीचा, जेमतेम जाणवेल इतका. आधी बास गिटार आणि किक ड्रम ऐकत गिटारचा बास ठरवा. ८० ते १५० हर्ट्झची जागा त्यांची आहे, आणि तिथे गिटार जितकी बाजूला सरकेल तितकी ती मिक्समध्ये मोठी वाटेल.